मिटलेले डोळे

अहमदपुरात बसस्टँडजवळ माझं डिझाइन आणि फ्लेक्सचं दुकान आहे. फोटोतले मिटलेले डोळे एका क्लिकवर उघडणारं सॉफ्टवेअर हल्ली सगळ्यांनी घेतलंय. मी घेतलेलं नाही, घेणारही नाही. गिऱ्हाईक हटून बसलं, तर त्याला सरळ दुसरं दुकान दाखवतो.

पूर्वी हेच काम मी हातानं करायचो. एकदा जळकोटचा एक माणूस आईच्या श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी तिचा एकुलता एक फोटो घेऊन आला. त्यात तिचे डोळे मिटलेले होते. मी जुन्या फायलींतून बचत गटाच्या अध्यक्षबाईंचा वाढदिवसाचा बॅनर काढला आणि त्यांचे डोळे कापून तिथं बसवले. बघून तो रडला. "आई जिती झाली," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बॅनर वाळायला बाहेर उभा केला होता. नेमक्या त्या अध्यक्षबाई मेळाव्याचा बॅनर सांगायला आल्या आणि त्याच्यासमोरच थांबल्या. फोटोतल्या डोळ्यांत बघू लागल्या.

"कोण हाय हो ही?"

"जळकोटच्या होत्या. गेल्या."

"मला वळखायलीय ती," त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला.