नऊ वाजता बंद पडणारा फोन

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर हे सगळं होत असताना त्याच सोफ्यावर माझ्या शेजारी बसलेली असायची. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही बाबांना ओळखत नाही, म्हणून असेल.

बाबा बोरी अरबला राहतात. नोकरीभर दारव्हा-नेर गाडीवर कंडक्टर होते, आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्या टेनिस बॉलच्या सामन्यांचे स्कोअरर. लिंबाखाली खुर्ची टाकून, गुडघ्यावर वही घेऊन बसायचे. मैदानात कितीही हमरीतुमरी झाली तरी शेवटी कोणीतरी म्हणायचं, मास्तरची वही पाहा. मास्तर ते नव्हतेच, पण वहीमुळे लोकांनी त्यांना मास्तर करून टाकलं होतं. त्याचा त्यांना अभिमान होता. तोंडानं म्हणायचे नाहीत, पण शर्टाच्या खिशाला तीन पेनं लावून मैदानावर निघायचे, तेव्हा कळायचं.

निवृत्तीनंतर ते घरी बसून मोठ्या सामन्यांचा स्कोअर लिहू लागले. चेंडू न् चेंडू. पण संध्याकाळी आमच्या घरचा टीव्ही आईच्या मालिकांचा असतो, आणि आईपुढे त्यांची वही चालत नाही.

मी जर्मनीत. उन्हाळ्यात आपल्याकडची ती मोठी टी-ट्वेंटी स्पर्धा सुरू झाली की जीव नुसता कासावीस व्हायचा, कारण इथे ती दिसत नाही. ऑफिसातल्या एकानं उपाय सांगितला. लॅपटॉपवर व्हीपीएन टाकायचं, म्हणजे मॅच दाखवणाऱ्या ॲपला वाटतं आपण मुंबईतच बसलोय. फक्त एक अडचण — ॲपला भारतातला मोबाइल नंबर लागतो. माझा तर केव्हाच बंद झाला होता.

म्हणून मी बाबांना फोन केला. म्हणालो, तुमच्यासाठी मॅचचा प्लॅन घेतोय, फोनवर आकडे येतील ते वाचून दाखवा. त्यांनी एक-एक आकडा वाचला, मध्ये चष्मा पुसला, पुन्हा वाचला. थोड्या वेळानं मी आणखी एकदा आकडे मागवले. पहिले चुकले म्हणालो. चुकले नव्हते. दुसरे माझ्या लॅपटॉपसाठी होते. साधं खरं का सांगितलं नाही? कारण ते फार खूश झाले होते. गावभर सांगत सुटले, पोरानं बाहेरदेशातून मॅच लावून दिली. ती भेट माझ्याचसाठी होती हे त्यानंतर कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

आता मुद्द्यावर येतो. येतोय — जरा दम धरा.

सामना तिकडे साडेसातला सुरू व्हायचा. मी कामावरून घरी येऊन लॅपटॉप उघडेपर्यंत तिकडे नऊ वाजलेले असायचे. पहिले दोन दिवस मला खरंच काही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझंच चित्र मध्येच थांबलं आणि इंग्रजीत ओळ आली, की हे खातं दुसऱ्या ठिकाणी सुरू झालंय. आमचा प्लॅन एकाच ठिकाणी चालणारा होता. जो नंतर येईल तो आत, आधीचा बाहेर.

म्हणजे रोज नऊ वाजता मी बाबांना बाहेर काढत होतो. ते धडपडत पुन्हा आत आले होते, म्हणून मी बाहेर पडलो होतो. हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. आणि मी काय केलं? पुन्हा बटण दाबलं. बाबा बाहेर, मी आत.

पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. “विजू, पुन्हा बंद पडलं रे. इंग्रजीत काही लिहून येते. काहून होऊन राह्यलं असं?”

आणि मी म्हणालो, “बाबा, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल.”

हेच ते वाक्य. एवढ्यासाठी इतकं पाल्हाळ लावलं.

दोन ठिकाणी चालणारा प्लॅन घ्यायला कितीसा वेळ लागला असता? पण मग दुसरं ठिकाण कोणतं, हे सांगावं लागलं असतं. मी टाळलं. उलट सामना संपला की त्यांना फोन करायचो आणि त्यांच्या सुटलेल्या ओव्हरी सांगायचो — सतरावी ओव्हर, एक, डॉट, चौकार, वाइड. ते लिहून घ्यायचे. शेवटी म्हणायचे, तू हायेस म्हणून वही पुरी होते. त्यांच्याच हातून ओढून घेतलेल्या ओव्हरी मी त्यांना उपकार केल्यासारख्या परत देत होतो. आणि खोटं कशाला बोलू, ते आभार मला आवडायचे.

पुढे एक दिवस ते बसनं दारव्ह्याला जाऊन फोन दाखवून आले. रात्री मला म्हणाले, “दुकानवाला म्हन्ते, फोन चांगला हाये. म्हंजे मीच बिघडलो.” हसून म्हणाले. मीही हसलो.

फायनलची हकीकत आईनं सांगितली. बाबांनी सातलाच फोन स्टुलावर डब्याला टेकवून उभा केला आणि त्यानंतर त्याला बोट लावलं नाही. आईलाही जवळ येऊ देईनात. दोन्ही हात वहीवर. तिकडच्या नऊला मी घरी आलो. आज राहू द्यावं, असं मनात आलं होतं — हो, आलं होतं. बायकोनं चहा आणून ठेवला, आणि मी लॅपटॉप उघडला.

त्या दिवशी बाबांनी मला फोन केला नाही. मी केला, ओव्हरी सांगायला. म्हणाले, “राहू दे विजू. मले नाही जमत आता हे.” त्यानंतर त्यांनी स्कोअर लिहिलेला नाही.

पुढल्या वर्षी स्पर्धा सुरू असतानाच मी सुट्टीवर गावी गेलो. अंगणात बसून त्यांच्याच फोनवर मॅच लावली आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लगेच माझ्याकडे दिला. “तूच धर. माह्या हातानं बंद पडते.” मी धरून बसलो. नऊ वाजले, दहा वाजले. बंद कसा पडणार? बंद पाडणारा तर तिथेच बसला होता. बाबांनी आईला हाक मारून दाखवलं, “पाह्य, याच्या हातात कसा चालते.” आईनं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा सांगता आलं असतं. अंगणात आम्ही तिघंच होतो. मी स्कोअर किती झाला ते सांगितलं.

बाबा ठणठणीत आहेत. दर रविवारी आमचं बोलणं होतं. पाऊसपाणी, गुडघे, आईच्या मालिका. मॅचचा विषय ते काढत नाहीत. प्लॅन अजून त्यांच्याच नंबरावर आहे आणि दर वर्षी मी तो चालू ठेवतो. संध्याकाळी घरी येतो, लॅपटॉप उघडतो, सामना पाहतो. आता मला मध्येच कोणी बाहेर काढत नाही.