प्रयागबाईची राखण

पिंपळवंडीत कुणाला भित्रं म्हणायचं झालं, की लोक प्रयागबाईचं नाव घ्यायचे. तिला सगळ्याचीच भीती वाटायची. पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरायला लागला की दळणाचा डबा दारातच ठेवून मागं सरायची. एसटीडी बूथवर भावाचा फोन आला की रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायची. भाऊ काय म्हणतो ते तिच्याआधी बूथवाल्याला कळायचं. एसटीत कंडक्टर सुट्टे नंतर देतो म्हणाला, की ते पैसे गेलेच. मागायची छाती तिला झाली नाही.

आणि फार भ्याली की ती पळायची नाही, ओरडायची नाही. मटकन खाली बसायची, बाजारात असो की बांधावर. निरगुडसरला माहेरी तिच्या आईनं शिकवलं होतं, वीज कडाडली की उभं राहायचं नाही, खाली बसायचं. आईनं सांगितलं ते विजेचं, हिनं ते सगळ्याच भीतीला लावलं. आम्ही पोरी तिची नक्कल करून हसायचो, आणि सगळ्यात चांगली नक्कल मी करायचे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सांगताना माझंच तोंड कडू होईल.

२००१ साली मी बारावीला इंग्रजीत नापास झाले. घरात फार बोलाबोली झाली नाही. आईनं दुसऱ्या दिवशी हातात खुरपं दिलं आणि म्हणाली, "नूतन, प्रयागकाकूच्या टोळीत जा." टोळीत आम्ही बारा बायका होतो. शेतकऱ्याशी काम ठरवायचं, सकाळी सगळ्यांना गोळा करायचं, शनिवारी मजुरी घ्यायला पुढं व्हायचं, हे प्रयागबाईकडे. एवढी भित्री बाई मुकादम कशी झाली याचं मला तेव्हा नवल वाटायचं. आता वाटत नाही. तोंड वर करून बोलणारी बाई शेतकऱ्यांना टोळीवर नकोच होती.

त्या हिवाळ्यात आम्ही दादाभाऊंच्या कांद्यात खुरपायला होतो. माणूस वाईट नव्हता. चार वाजता चहा पाठवायचा, कुणाचं पोर आजारी असलं तर गाडीवर दवाखान्यात न्यायचा. पण बाप्याला जेवढा रोज, त्याच्या निम्मा बाईला. बापे पाणी धरायचे, औषध मारायचे आणि तीन वाजता हातपाय धुऊन मोकळे व्हायचे. आम्ही दिवस मावळेपर्यंत वाफ्यात. कुणी कधी विषय काढलाच, तर दादाभाऊ हसून म्हणायचे, "बाईचं काम बसून असतंय, त्याला काय ताकद लागती?" आणि आम्हीही हसायचो.

कांद्याच्या तिन्ही बाजूंना ऊस होता, पुरुषभर उंच. आधी त्या उसाचा आम्हाला आधार वाटायचा, कारण शेतात बाईमाणसाला आडोशाला जायला दुसरी जागाच नव्हती. मग कुत्री नाहीशी व्हायला लागली. कुणाची शेळी दावं तोडून गेली. एका सकाळी ओल्या वाफ्यात बिबट्याचा वाटीएवढा पंजा उमटलेला दिसला, आणि त्या दिवसापासून आडोसा संपला. आम्ही सकाळपासून पाणी प्यायचं सोडलं. ओठ फुटायचे, डोकं दुखायचं, पण तांब्याला कुणी हात लावायचं नाही.

जानेवारीत साळुबाईला धरलं. ती आमच्याच टोळीतली, माझ्या शेजारची पात तिची. पात म्हणजे एकेकीनं खुरपत पुढं न्यायचा पट्टा. त्या दिवशी ती दिराच्या शेतात होती, दिवस कलला होता, बांधाला पाठ करून बसली होती. मागून आला. थंडीसाठी पदर गळ्याला गुंडाळलेला होता म्हणून जीव वाचला, खांदा मात्र फाटला. लोक तिला पुण्याला ससूनला नेत होते, तेव्हा मी जीपमध्ये पाहिलं. ती रडत नव्हती. नुसती म्हणत होती, "आवाज नाय झाला गं. कायबी आवाज नाय झाला."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. आवाज झाला तर माणूस सावध होईल. पण आवाजच नाही म्हटल्यावर काय करायचं? त्यानंतर वाफ्यातली गाणी बंद झाली, गप्पा बंद झाल्या. नुसता खुरप्यांचा खर्रखर्र आवाज. वाऱ्यानं उसाचं वाळलं पाचट वाजलं की सगळे हात थांबायचे. उसाकडची पात कुणी धरायची यावरून सख्ख्या जावा भांडल्या. शेवटी ती पात प्रयागबाईनं घेतली, आणि का, तर दुसरीला सांगायची तिला भीती वाटत होती!

मग वनखात्याचा माणूस आला. मारुतीच्या देवळापुढं बैठक झाली. बापे पुढं सतरंजीवर, बायका मागं भिंतीला. तो म्हणाला, "बिबट्या उभ्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पण बसलेला, वाकलेला माणूस त्याला शेळीएवढा दिसतो. तेव्हा दिवस कलल्यावर शेतात बसून काम करायचं नाही." पुढच्या सगळ्या टोप्या हलल्या. बरोबर आहे, बरोबर आहे.

आणि माझ्या शेजारून बारीक आवाज आला. "सायेब, बसून काम करतंय कोन?"

सगळ्यांनी माना वळवल्या. प्रयागबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं, त्यातूनच ती बोलत होती. "बापे तर समदे उभ्यानं काम करत्यात. खुरपाया, लावाया आमीच बसतो. मग आमी काय करायचं?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढच्या गावी जायचं होतं. ते म्हणाले, "मग तुम्ही बायकांनी चारनंतर बसू नका," आणि जीपकडे निघाले.

साहेब सुचलं ते बोलले होते. पण प्रयागबाईला वाटलं, हा सरकारी हुकूम झाला. आता चारनंतर बसलं तर पोलीस धरून नेतील. सरकारची भीती तिला दादाभाऊंपेक्षा मोठी होती, आणि पुढचं सगळं त्या भीतीतून झालं.

दुसऱ्या दिवशी चारचा चहा झाला आणि ती म्हणाली, "बायांनो, आता बसायचं न्हाई. उभ्या ऱ्हावा." आम्ही हातात खुरपी घेऊन वाफ्यात उभ्या राहिलो, बाराच्या अकरा राहिलेल्या. घरीही जात नव्हतो, कामही करत नव्हतो. दादाभाऊ गाडीवर आले.

"का गं प्रयागे, काय तमाशा ए?"

तिचा दंड माझ्या हातात होता. मला वाटलं, आता ही बसणार. "सरकारनं बसायला मनाई केलीया, भाऊ," ती म्हणाली.

"कोन म्हन्तं?"

"सरकार."

दादाभाऊंच्या विहिरीवरच्या मोटारीचा आकडा चोरून थेट विजेच्या तारेवर टाकलेला होता, त्यामुळे सरकार हा शब्द त्यांनाही फारसा सोसायचा नाही. ते चिडले. "उद्या डोंगराकडच्या बाया आणतो गाडी भरून, मग बसा घरी," म्हणाले. त्या रात्री माझ्या हातून चूल नीट पेटली नाही, इतकी मी घाबरले होते. काम गेलं तर खायचं काय, हा प्रश्न बिबट्यापेक्षा जवळचा होता. पण डोंगराकडच्या बायका द्राक्षाच्या बागांत अडकलेल्या होत्या आणि कांद्यातलं गवत कुणासाठी थांबत नाही. दादाभाऊंनी तोड काढली. सुट्टी साडेपाचला, आणि तीनपासून राखणीला त्यांचा पुतण्या भिका, हातात काठी, वाजवायला पत्र्याचा डबा. राखण असली की बसायला सरकारची ना नाही, हे त्यांनी प्रयागबाईला पटवून दिलं.

भिका बाभळीखाली आडवा व्हायचा, रेडिओवर क्रिकेट ऐकायचा आणि त्याचा डोळा लागायचा. त्याला रोज मिळायचा बाप्याचा, पुरा. आम्ही पाठीत काटा घेऊन बसायचो, आम्हाला निम्मा. मी रागानं ढेकळं फोडत होते. बाकीच्या आपसात कुजबुजायच्या, पण भिकाला उठवायला कुणी गेलं नाही. तो मालकाचा पुतण्या.

चौथ्या दिवशी पाचट वाजलं. वारा नव्हता. सगळ्यांनी भिकाकडे पाहिलं. तो घोरत होता. प्रयागबाई उठली, बाभळीखाली गेली, त्याच्या उशाची काठी आणि डबा उचलून आणला आणि उसाकडे तोंड करून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "काकू, तुम्हाला भीती नाय वाटत?"

"लई वाटती. म्हनून तर डोळा लागायचा न्हाई."

तिच्या पाठीशी आम्ही आठवड्यात पहिल्यांदा नीट खुरपलं. भिका आनंदानं घरी गेला. दादाभाऊही जाऊ दे म्हणाले. पण शनिवारी मजुरी देताना त्यांनी तिच्या हातावर निम्माच रोज ठेवला. "राखण बाप्याची असती तर बाप्याचा दिला असता. बाईला बाईचा." तिनं मुकाट घेतला. वाटेत मी तिला नाही नाही ते बोलले. कशाला घेतला, तोंडात जीभ नाही का, तुमच्यामुळं आम्हालाही कुणी विचारत नाही. ती चालत राहिली. मला तिचा खरोखर राग आला होता, आणि त्या रागाची मला आजही लाज वाटते.

मंगळवारी तो आला.

पाच वाजायला आले होते. मी उसापासून दुसऱ्या पातीवर होते. आवाज झाला नाही. साळुबाई म्हणाली होती तसंच, काहीच आवाज झाला नाही. फक्त प्रयागबाईची काठी जमिनीवर बारीक वाजायला लागली, टक टक टक, तिचा हात थरथरत होता म्हणून. मी मान वर केली. बांधावर, दहा पावलांवर, तो उभा होता. पिवळा, धुळीनं मळलेला. त्याची नजर प्रयागबाईवर नव्हती. तिच्या बाजूनं, खाली, आमच्यावर होती. माझ्यावर होती.

मी प्रयागबाईच्या पायांकडे पाहिलं. नऊवारीचा काठ हलत होता. गावानं शंभरदा पाहिलं होतं, मीच नक्कल केली होती, आता ही मटकन बसणार. ती बसली की तिच्या मागं मी. मनात एकच चाललं होतं, काकू, बसू नका, काकू, बसू नका.

ती वाकली. गुडघे खरंच वाकले. मग काठीवर सगळा भार देऊन ती पुन्हा सरळ झाली, आणि एक पाऊल बाजूला सरकली. माझ्या आणि त्याच्या मध्ये आली. डबा वाजवायचा ती विसरलीच होती. नुसती उभी होती. मागं एकेक बाई उठली. मी शेवटी उठले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. त्यानं तोंड फिरवलं आणि तो उसात गेला, आताही आवाज न करता. आम्ही रस्त्याला लागेपर्यंत ती उसाकडे तोंड करून उलट्या पावली चालत होती.

गोष्ट गावभर झाली. शनिवारी आम्ही दादाभाऊंच्या दारात गेलो. एरवी मजुरीची वाट बघत बायका त्यांच्या ओट्याच्या पायऱ्यांवर बसायच्या. त्या दिवशी प्रयागबाई बसली नाही, म्हणून आम्हीही बसलो नाही. दादाभाऊंनी बाहेर येऊन तिच्यापुढं पुरा रोज धरला, बाप्याचा. "घे. मानलं तुला."

तिनं हात पुढं केला नाही. "आन् ह्यांचा?"

"त्या काय, बसून काम करत्यात."

"बसलेल्यालाच धरतंय त्ये, भाऊ."

दादाभाऊंनी नोटा मुठीत मिटल्या. आत कुणीतरी टीव्ही बंद केला. "तुला आता भ्याव उरलं न्हाई वाटतं," ते म्हणाले.

"लई ऱ्हायलंय," प्रयागबाई म्हणाली. तिची हनुवटी हलत होती. "त्याचं बी वाटतंय, तुमचं बी वाटतंय. आता बी वाटतंय."

पण ती उभीच होती. दादाभाऊंनी आमच्यावरून एकदा नजर फिरवली. अकरा बायका, एकही बसलेली नाही. ते आत गेले आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले. बाप्याएवढा रोज काही त्यांनी दिला नाही, खोटं कशाला सांगू. पण निम्म्यावरून तो पाऊण झाला, राखणीचा पुरा ठरला, आणि सुट्टी साडेचारला. पुढच्या हंगामात शेजारच्या शेतकऱ्यांनाही तेच करावं लागलं. साळुबाई खांदा आखडलेला असताना टोळीत परत आली ती राखणीवर, पुऱ्या रोजानं.

फाटकाबाहेर आलो. विहिरीच्या वळणापर्यंत प्रयागबाई ताठ चालली. दादाभाऊंचं घर दिसेनासं झालं आणि ती रस्त्यातच, धुळीत, मटकन खाली बसली. दोन्ही हातांनी गुडघे धरले. दात वाजत होते. कुणी हसलं नाही. मी तिच्या शेजारी बसले, मग बाकीच्याही बसल्या, आणि तिचं थरथरणं थांबेपर्यंत कुणीच उठलं नाही.