सुलभाताईंना विचार

आमच्या कचेरीत रुजू झालेली नवी मुलगी काही अडलं की आधी सगळ्यांचे चेहरे बघते. नवीन माणूस प्रश्न नंतर विचारतो. कोणाला विचारलं तर हसं होणार नाही, हे आधी शोधतो. मला असा चेहरा पहिल्याच दिवशी सापडला होता, आवक-जावकच्या सुलभाताईंचा. पिण्याचं पाणी कुठे, साहेबांची सही कधी मागायची, सगळं त्यांनाच विचारलं. एकच गोष्ट तीनदा विचारली तरी म्हणायच्या, "अगं, विचार की. मी कुठे पळून चाललेय?"

आज ती मुलगी एक पत्र घेऊन माझ्याकडे आली. "मॅडम, हे कोणत्या फाइलला लावू?"

मान वर न करता, वीस वर्षांच्या सवयीने मी म्हटलं, "सुलभाताईंना विचार."

ती वळली, घुटमळली, परत आली. "त्या कुठे बसतात?"

मी तिच्याच खुर्चीकडे बघत राहिले. ताई वारल्या म्हणून तर ती जागा हिला मिळाली. पाठीला अजून ताईंनीच शिवलेली उशी आहे.

"मला विचार," मी म्हटलं, "मी कुठे पळून..."