बत्तीस खुर्च्या आणि एक साहेब

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि गावाचं नाव विचारू नका. तिथं अजून मला खुर्चीमास्तर म्हणतात. माझी चूक काय, तर मी गणित केलं. आणि तेही बरोबर केलं, हेच तर दुखणं!

जिल्हा परिषदा नुकत्याच निघाल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. शाळेची एक खोली, सत्तावीस पोरं आणि मी एकटा मास्तर, तोही अजून कायम न झालेला. बसायला काय, तर दप्तराची एक पत्र्याची पेटी. पहिल्या तपासणीला साहेब आले, तिच्यावर टेकले आणि झाकण खाली गेलं. साहेबही थोडे गेले. शेऱ्यात लिहून गेले की शाळेत खुर्ची नाही, शिक्षकाला कायम करायचं ते पुढच्या तपासणीला बघू.

इथं माझा जीव टांगणीला लागला. कळंबचे आडते रामभाऊ, माझे होणारे सासरे. मुलगी पसंत, सुपारी फुटलेली, पण त्यांनी निक्षून सांगितलेलं, "मास्तर, कायम झाल्याचं दावा, दुसऱ्या दिवशी तारीख काढतो." म्हणजे बघा, माझं लग्न अडलं होतं कशावर? एका खुर्चीवर!

एक खुर्ची द्यावी म्हणून दोनदा अर्ज केला. नाही आली. तालुक्याच्या ऑफिसात कादरसाहेब नावाचे कारकून होते, निजामाच्या वेळेपासूनचे, लई भला माणूस. त्यांनी मला चहा पाजला आणि समजावून सांगितलं. मागणी तीन टेबलांवरून जाते. आधी केंद्रशाळेचे हेडमास्तर, मग तालुका, मग जिल्हा. प्रत्येकाला वाटतं, खालच्यानं जास्तच मागितलं असणार. म्हणून प्रत्येक जण निम्मं कापतो.

"एकाचं निम्मं, त्याचं निम्मं, पुन्हा त्याचं निम्मं," कादरसाहेब म्हणाले. "खुर्चीचा आठवा हिस्सा कुणी देतं का मास्तर? म्हणून तुम्हाला सिफर, म्हणजे शून्य."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आठ मागायच्या! आठाच्या चार होतील, चाराच्या दोन, दोनाची एक. ती एक घेऊन मी बोहल्यावर. फळ्यावर गणित करून पडताळासुद्धा पाहिला, आणि आठाचा अर्ज दिला ठोकून.

आता मला काय माहीत की हे गणित सगळ्यांनाच येतं? हेडमास्तरांना माझी दया आली. तालुका निम्मं कापणार म्हणून त्यांनी आठाच्या सोळा केल्या. कादरसाहेबांना तर माझ्या लग्नाची काळजी माझ्यापेक्षा जास्त. जिल्हा कापणारच म्हणून त्यांनी सोळाच्या बत्तीस करून पुढं पाठवल्या. आणि जिल्ह्याला नेमक्या त्याच महिन्यात खुर्च्या येऊन पडलेल्या. ठेवायला जागा नाही, पावसाळा तोंडावर. तिथून हुकूम निघाला, मागणी असेल तशी मंजूर करा.

दोन बैलगाड्या भरून आल्या हो! खोलीत खुर्च्या लावल्या तर पोरं मावेनात, पोरं आत घेतली तर खुर्च्या बाहेर. शेवटी पोरं निंबाखाली बसवली आणि आत खुर्च्यांचा वर्ग भरला.

गाव मात्र खूश. पाटलांच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर होतं. पाटील म्हणाले, मांडवात लावू की मास्तर. नाही कसं म्हणणार? एक मागं ठेवली होती, तीही वरमाईच्या भावाला कमी पडली म्हणून गेली. आणि लग्नाच्या दिवशी, अक्षता पडायला तासभर असताना, साहेब शाळेच्या दारात उभे!

कागदावर बत्तीस खुर्च्या, आणि खोलीत तीच पेटी. घाम फुटला मला. रस्त्यानं तुकाराम न्हावी मांडवाकडं निघाला होता, त्याला थांबवलं. साधा माणूस काय सांगेल? एक खुर्ची पाठवा. पण मी आता शहाणा झालो होतो ना! मांडवात पाटील, त्यांच्यावर व्याही, व्याह्यांवर त्यांचे मामा. म्हणजे इथंही तीन टेबलं. मी तुकारामला सांगितलं, "साहेब आलेत, आठ खुर्च्या पाठवा म्हणावं."

आठ खुर्च्या म्हणजे आठ साहेब, असं पाटलांनी धरलं. गावाची अब्रू आहे, सोळा न्या म्हणाले. व्याह्यांनी ऐकलं, एवढं सरकार आपल्या लग्नाला आलंय तर सगळ्याच न्या. मामांना तर कुणी विचारलंच नाही. ते बसलेले होते, त्यांना उठवून खुर्ची घेतली.

इकडं साहेब उभं राहून कंटाळले. मी नको नको म्हणेपर्यंत पेटीवर टेकले. या वेळी झाकण पुरतं गेलं. साहेब कमरेपर्यंत आत, गुडघे हनुवटीला. मी हात धरून ओढतोय, तोच दारात वाजंत्री, आणि मागं डोक्यावर एकेक खुर्ची घेतलेलं अख्खं वऱ्हाड. सगळ्यात शेवटी रिकाम्या हातानं, फेटा सावरत, लालबुंद झालेले कोण? रामभाऊ! पाटलांच्या लग्नाला आले होते, बसल्या जागेवरून उठवलं म्हणून खुर्चीच्या मागं मागं आले होते.

त्यांनी खुर्च्यांकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं, मग शांतपणे विचारलं, "मास्तर, हितं एवढ्या खुर्च्या असताना साहेब पेटीत का बसलेत?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्न गेलं, नोकरी गेली, असं धरूनच मी पहिल्या अर्जापासून सगळं खरं सांगून टाकलं. साहेबांना चौघांनी बाहेर काढलं तेव्हा ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांनी पोरांची तपासणी घेतली आणि शेरा लिहिला. शिकवणं उत्तम, शिक्षकास कायम करावं, मात्र मागणीपत्रक यांच्या हातात देऊ नये. रामभाऊंनी तो शेरा दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी खरंच तारीख काढली.

मी कानाला खडा लावला, की आता आकडा सांगायचा तो खराच. वऱ्हाड किती आणणार असं रामभाऊंनी विचारलं, तेव्हा मी एकेक नाव मोजून सांगितलं, माझ्यासकट ऐंशी. आलेही बरोबर ऐंशीच. स्वयंपाक मात्र चाळिसांचा!

मी हळूच म्हणालो, "मामा, मी ऐंशी म्हणालो होतो."

"व्हय की," रामभाऊ म्हणाले. "पण आकडा तुमचा, म्हणून म्या निम्माच धरला."

चाळीस माणसं पोटभर जेवली. उरलेल्या चाळिसांत एक मी होतो.