वाफकन्येची हिरवी बाजू

टाचण्या ओठांत धरून ती शिव्या द्यायची. एकही टाचणी खाली पडायची नाही.

भाताचा गोळा फोडून आतलं खारवलेलं आलुबुखार आधी खायची. "चांगलं ते आधी. पुढचा शॉट कधी लागेल, काय भरवसा."

नटीच्या पाठीवरची चेन लावली की दोन थापा मारायची. एक नाही, तीन नाही.

रेडिओवर तिचा बेसबॉलचा संघ हरू लागला की रेडिओ बंद करायची. मग संघ जिंकला असं दिवसभर सांगायची.

तयार झालेला सिनेमा कधी बघायची नाही. "मला नुसत्या शिवणी दिसतात."

ओरिहारा कुनिए. वय अठ्ठावन्न. आमच्या नायिकांचे कपडे शिवणारी. टोकियोत नेरिमा भागात मुळ्याच्या शेतांना लागून एक बंद पडलेलं गॅरेज होतं. तोच आमचा स्टुडिओ. एखादी मांगा, म्हणजे चित्रकथा, घ्यायची, बारा दिवसांत तिचा सिनेमा उरकायचा, तो व्हिडिओच्या दुकानांत जायचा. नायिका उडणारी, खलनायक रबराचा. मी नोंदी ठेवायचे: कुठल्या शॉटला नटीचे केस कुठल्या खांद्यावर होते. विद्यापीठात मी हजार वर्षांपूर्वीच्या दरबारी कविता शिकले होते. हे कुनिएसानला कळलं त्या दिवसापासून माझं नाव गेलं. मी 'साहित्यवाली' झाले.

१९९४च्या जूनमध्ये आम्ही 'वाफकन्या' करत होतो. सार्वजनिक स्नानगृह चालवणारी मुलगी. पाणी खूप तापलं की तिच्या अंगात शक्ती येते आणि ती बुरशीसम्राटाशी लढते. कथा एका मासिकात अजून चालू होती, पुस्तक निघालेलं नव्हतं. मासिकात सगळं काळं-पांढरं. फक्त एका अंकात पहिली चार पानं रंगीत. रंगीत म्हणजे काळी शाई आणि लाल शाई, स्वस्तातली छपाई. त्या पानांवर वाफकन्येची पाठीवरची झूल लाल होती.

"आकाशही लाल आहे," कुनिएसान म्हणाली होती. "मुळ्याची पानंही लाल आहेत. मांजर लाल आहे. नागुमोसान, त्या चित्रकाराला फोन करून रंग विचारा."

नागुमो आमचा दिग्दर्शक. "दिसतंय ना लाल? मग लाल."

तिने तीनदा सांगितलं. माझ्या वहीत तारखा आहेत. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "तुम्ही शिवा हो. रंगाचं मी बघतो."

तिने दोन झुली शिवल्या. एक नायिका अकिहोची. दुसरी दाइगोची. दाइगो चौतीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, नडग्यांवर केस. उड्या आणि मारामाऱ्या नायिकेच्या कपड्यांत तोच करायचा.

सहाव्या दिवशी मांगाचे लेखक-चित्रकार माकिमुरा सेटवर आले. पाहुणा खाऊ आणतो तसा गोड पावांचा खोका घेऊन आले. सगळे वाकले. "सेन्सेई, सेन्सेई" झालं, गुरुजी म्हणावं तसं. मग त्यांनी अकिहोकडे पाहिलं आणि खोका खाली ठेवला.

"ही लाल का आहे?"

अकिहोने मान वळवून झुलीकडे पाहिलं.

"हिरवी आहे ती. वडील वारल्यावर ती दारावरचा पडदा काढून पाठीवर बांधते. आमच्या घरच्या स्नानगृहाचा पडदा हिरवा होता. हे मी रोज डोळ्यांसमोर ठेवून काढतो."

अंतिम परवानगीच्या कागदावर त्यांची सही व्हायची होती. नाही म्हणाले असते तर सिनेमा तिथेच संपला असता. परत शूटिंग करायला ना दिवस होते ना पैसे.

नागुमोने मान वळवली. "कुनिएसान, हे काय केलंत तुम्ही?"

तीस वर्षांत तिच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी वही उघडली. तिने माझं मनगट धरलं.

"साहित्यवाली, बंद कर. भांडून रंग बदलत नाही." मग ती सेन्सेईंकडे वळली. "हिरव्या रंगाचं एक तरी चित्र आहे का?"

"ते माझ्या डोक्यात आहे."

"तुमच्या डोक्यात सुई कशी घालू? पाव खा. आणि हिरवा कसा ते सांगा. मटारासारखा, चहासारखा, का शेवाळासारखा?"

ते विचारात पडले. "खूपदा धुतलेल्या चहासारखा."

"बघा. हे आधी कुणी विचारलं असतं तर." तिने नागुमोकडे पाहिलंही नाही. "वाफ अंगात येण्याआधी लाल. वाफ आली की झूल उलटते, आतून हिरवी. आत्तापर्यंत साधे प्रसंगच झालेत ना? मारामाऱ्या उरल्यात. मी अस्तर लावते."

सेन्सेईंनी अकिहोच्या झुलीची कड उलटून पाहिली. मग म्हणाले, "उलटताना आवाज येईल का? फडफड असा?"

"येईल. जाड कापड लावते."

"पण एक," ते म्हणाले. "दोघांच्याही झुली हव्यात. हा माणूस लाल घालून उडाला तर मी सही करणार नाही."

"मी पण नाही उडणार," दाइगो म्हणाला. "मला हिरवा खुलतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला अकिहोची झूल तयार झाली. सेन्सेईंनी ती हातात घेतली, उलटली, पुन्हा उलटली. "हाच," म्हणाले. अर्धी सही झाली, असं कुनिएसान म्हणाली. उरलेली दाइगोच्या खांद्यांवर.

तिचं डोकं दुखत होतं. रक्तदाब होता. दवाखान्याची वेळ तिने दोनदा चुकवली होती. तिसरी त्या पुढच्या सकाळची होती.

ती सकाळ उजाडली. "जा ना," मी म्हणाले. "मी टाके घालते."

"हात लावू नकोस. तुझे टाके तुझ्या कवितांसारखे. कुणालाच धरून ठेवत नाहीत."

"मी कविता लिहीत नाही. मी शिकलेय."

"तेच. उद्या जाते दवाखान्यात. आज हिरवं."

"कुनिएसान, कालही तुम्ही हेच म्हणालात."

"मग आज वेगळं कशाला म्हणू?"

मी चिडून बाहेर गेले. साडेअकराला परत आले तर तिने टेबलावर डोकं टेकवलं होतं. दुपारच्या आधी ती दहा मिनिटं अशी डुलकी काढायची. मी बाहेर जाऊन सगळ्यांना गप्प केलं. जनरेटर बंद करायला लावला. नागुमो ओरडत होता, त्यालाही हात जोडले. वीस मिनिटं सगळा स्टुडिओ तिच्या झोपेसाठी शांत बसला. मीच बसवला.

दाइगो झुलीचं माप द्यायला आत गेला. त्यानेच हाक मारली. ती उठत नव्हती.

दोन दिवसांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर कदाचित. मला तिचा राग येतो. अजूनही. तीन वेळा. तीन वेळा सांगून कुणी ऐकत नाही म्हणून जी बाई अख्ख्या जगाला शिव्या द्यायची, तिला तीन वेळा सांगितलं होतं.

दगडखाणीतल्या मारामारीला दाइगोने तीच अर्धवट झूल घातली. मी सुई ओवून उभी होते. तो मला नावाने हाक मारून म्हणाला, "चिगुसा, राहू दे. तिनं सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून." नागुमोने कॅमेरा फिरवून घेतला. सगळ्या मारामाऱ्यांत वाफकन्या फक्त डावीकडून वळते. माकिमुरांनी खाणीत उभं राहून सही केली. झूल पुरी नाही हे त्यांना दिसत होतं.

झूल माझ्याकडे आहे. डावा खांदा आणि खालची कड तिने पक्की शिवली आहे, इतकी बारीक की टाका शोधावा लागतो. उजवीकडे अस्तर नुसतं पांढऱ्या कच्च्या दोऱ्याने धरलेलं आहे. त्या बाजूला खांद्यापासून खाली दीड वीतच तिचे पक्के टाके येतात. तिथे दोरा सुटा लोंबतो. गाठ मारलेली नाही.