हरवलेलं मेंढरू आणि हिराबाई

काल चर्चमध्ये मिस्सेत हरवलेल्या मेंढराचं शुभवर्तमान वाचलं गेलं आणि मी मनानं थेट लहानपणीच्या, उरवडे गावातल्या त्या खोलीत जाऊन पोहोचले.

आई गेल्यावर पप्पा, धाकटा काका आणि आम्ही दोघी लहान बहिणी तिथं भाड्यानं राहत होतो. दारूवरून पप्पांशी भांडून काका घर सोडून गेला, त्याला चार दिवस झाले होते. संध्याकाळच्या प्रार्थनेत मी हाच उतारा वाचला: शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ बाकीची सोडून त्याला शोधायला जातो. खोलीत मेणबत्तीचा वास होता आणि पप्पांची मान खाली होती. घरमालकीण हिराबाई उंबऱ्यात शेंगा सोलत ऐकत होत्या.

"नव्व्याण्णव रानात सोडून एकामागं गेला? माझी बी शेरडं हायेत. कुणाला तरी राखाया सांगूनच गेला आसंल त्यो."

मला हसू आलं. पप्पा मात्र हळूच म्हणाले, "मलाही जायचंय, हिराबाई. पण या दोघींना कुणावर सोडू?"

"मी काय मेलीया व्हय? सकाळच्या यष्टीनं जावा. पोरी माझ्याकडं ऱ्हातील."

तेव्हा मला तो फक्त शेजारधर्म वाटला. आज खात्रीनं सांगते, त्या उताऱ्याचा इतका खरा अर्थ मी कुठल्याच प्रवचनात ऐकला नाही. शोधायला जाणाऱ्याइतकंच मागं थांबून राखणारं माणूसही देवाचंच काम करत असतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पप्पा काकाला घेऊन आले. तो पौडच्या स्टँडवर सापडला होता. काका अंगणातच घुटमळला. चुलीपुढून हिराबाईंनी हाक मारली, "आरं, हात धू आन् बस. भाकरी गार व्हतीया."