तहानलेल्या मोहरीची परीक्षा

आमच्या प्रयोगाच्या रानात पीक एखाद्या वर्षी दगा देतं. किस्से मात्र दरवर्षी भरघोस! औंधजवळच्या या रानात आम्ही मोहरी लावतो. काही वाफ्यांना पाणी देतो, काही मुद्दाम तहानलेले ठेवतो. ऊन आणि तहान सोसूनही शेंगा भरणारं एखादं वाण सापडावं, एवढीच धडपड. गेल्या वर्षी हाती काहीच लागलं नाही. "यंदाही नाही जमलं, तर प्रयोग बंद," असं साहेबांनी बजावलं होतं. मी खरंच घाबरले होते.

*

मोहरी फुलावर आली तशी उष्णता वाढवायला आम्ही काही वाफ्यांवर प्लास्टिकचा तंबू ठोकला. शेजारचे तात्या मेंढरं घेऊन चालले होते, ते थबकले.

"म्याडम, थंडी वाजती व्हय मोहरीला?"

"नाही तात्या, तिला जास्त ऊन द्यायचंय."

"आवं, मग खर्च कशाला? जरा दम धरा की! आमच्याकडं ऊन फुकाट हाय!"

*

मग अवकाळी पाऊस आला. तहानलेले वाफे भिजू नयेत म्हणून आम्ही सगळे ताडपत्र्या घेऊन पळत सुटलो. बांधावरून तात्या ओरडले, "सारं गाव पावसाला हात जोडतंय, आन् ह्यी मानसं त्येला हाकलत्यात!"

*

एवढं करून तहानलेला एक वाफा हिरवागार! बघतो तर खुरपणीला येणारी हौसाक्का जेवण झालं की कळशीतलं उरलेलं पाणी तिथं ओतत होती.

"अक्का, हे काय?"

"आवं, शेजारची पोटभर पितीया, ही नुसती बघत बसलीया. लय जीव तुटतो वो!"

रागावणार तरी कसं? वाफा प्रयोगातून बाद केला आणि अक्काला समजावलं, "ही तिची परीक्षा आहे."

"मग आदी सांगायचं की!"

*

पुढे साहेब पाहणीला आले. पाणी प्याले आणि बाटलीतलं उरलेलं सहज वाफ्यात ओतायला गेले. हौसाक्कानं त्यांचा हातच धरला.

"सायेब, परीक्षा चालू हाय. कॉपी पुरवू नगा!"

*

काढणीच्या दिवशी तहानलेल्या वाफ्यांतलं एक वाण शेंगांनी लगडलं होतं. कापणी झाल्यावर साहेबांनी त्याची एक शेंग तळहातावर चुरडली. दाणे टपोरे! "पुढच्या वर्षी जास्त रानात लावा," ते म्हणाले. मला रडूच फुटलं.

अश्रू पुसून पाहते, तर हौसाक्का भरलेली कळशी घेऊन त्या कापलेल्या वाफ्यात उभी. बुडख्यांवर तिनं सगळी कळशी पालथी केली.

"पी गं बाई आता पोटभर. पास झालीस!"